चौदा जणांची एक उभी रेघ

समुद्रात उतरण्याआधी तुम्हाला दमा आहे का, हे कोणी तुमच्या तोंडाकडे बघून, तुमचं उत्तर येईपर्यंत थांबून विचारलं होतं का? की बोटीवर कोणीतरी एक कागद पुढे केला आणि तुमच्यातल्या सगळ्यांत शिकलेल्या माणसानं तो भरून टाकला?

आमच्या बोटीवरची ती शिकलेली मुलगी मी होते. चौदा जणांचा कागद मी भरला. तेरा जण घरी परतलो.

हे का लिहितेय ते आधीच सांगते. आमच्या शेजारच्या काकू आज कित्येक वर्षं एक केस लढताहेत. त्यांचा नवरा समुद्रात गुदमरून गेला, त्याला जबाबदार कोण, एवढंच त्यांना कोणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं आहे. सहल नेणारी कंपनी म्हणते, तो स्वतःच. त्यानं आजार लपवला. पुरावा म्हणून ती जो कागद दाखवते, तो माझ्या अक्षरातला आहे.

तेव्हा आम्ही गारखेड्यात राहायचो. अजूनही राहतो. दुष्काळाची ती सलग वर्षं होती. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, तोही खोकत. आणि नेमकं त्याच वर्षांत शहर चहूबाजूंनी वाढत होतं. गल्लीच्या तोंडाशी सात मजली इमारत उभी राहत होती. बिल्डरनं तिला नदीचं नाव दिलं होतं. दिवसभर बोअरचं यंत्र जमिनीत घुसायचं आणि वर फक्त पांढरी धूळ यायची. ती आमच्या भांड्यांवर, पुस्तकांवर, कोरड्या पिंपांच्या तळाशी बसायची.

टँकर दुपारी यायचा. टँकरवाल्याकडे एक वही असायची: घर नंबर, नाव, सही. सही नसेल तर त्या घराला पाणी दिलं असं धरत नसत. पण दुपारी गल्लीत असायचं कोण? पुरुष कंपनीत, बऱ्याच बायका कामावर, उरलेल्या कळश्या घेऊन रांगेत. मी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होते, कॉलेज सकाळचं, दुपारी घरी. सुरुवातीला सगळ्यांपुढे मी माझीच सही ठोकली. वही परत आली, ज्याची त्याची सही पाहिजे म्हणून.

टँकरवाला म्हणाला, "तो मारो ना दीदी, ज्याची त्याची. कौन देखता? मेरेकू अजून तीन गल्ल्या हैं."

मी मारल्या. महिन्याभरात गल्लीतल्या चौदा घरांच्या सह्या माझ्या हातात बसल्या. गल्लीला त्याचं कौतुकच होतं. कोणी म्हणायचं, "बाई, तू बँकेत नको जाऊ आमच्या. घर विकशील." सगळ्यांत अवघड सही शेजारच्या काकांची. तीन अक्षरं आणि शेवटच्या अक्षरातून निघालेली लांब शेपटी, नावाखालून मागे येणारी, टोकाला जराशी वर उचललेली. ती जमायला मला आठवडा लागला होता.

काका मूळचे वैजापूरकडचे. घरची शेती भावाकडे. तरुणपणी ते जिनिंगमध्ये कामाला होते आणि तिथल्या कापसाच्या धुळीनं त्यांच्या छातीत एक शिट्टी ठेवून दिली होती. आमची त्यांची भिंत एकच. धुळीच्या दिवसांत मी अभ्यासाला बसले की पलीकडून ती ऐकू यायची: आत जाताना आखूड, बाहेर येताना लांब. शर्टाच्या खिशात दम्याचा पंप कायम. पेन विसरतील, पंप नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. तुम्हीही ते लक्षात असू द्या.

गल्लीची दरवर्षी एक सहल निघायची. त्या वर्षी कोणाला देवदर्शन नको होतं, सगळ्यांना पाणी बघायचं होतं. क्रांती चौकाजवळ एका सहल कंपनीचा मोठा फलक लागला होता. निळंशार पाणी, काचेचा मुखवटा घातलेला एक माणूस, भोवती मासे. खाली लिहिलेलं: खोल समुद्रात उतरा, पोहता येण्याची गरज नाही.

काकू म्हणाल्या, "हितं नळाला थेंब नाय आन् हे निघाले समुद्राच्या बुडाला."

काका म्हणाले, "अगं, एवढं पाणी तिकडं नुसतं पडलंय. बघून तरी येऊ. लई दिवस झाले बुडून आंघोळ केल्याला."

कोकणातला तो किनारा कोणता, हे मी लिहीत नाही. केस चालू आहे. सकाळी नऊच्या सुमारास बोट निघाली. किनारा मागे बारीक होत गेला, झाडांची एक हिरवी दोरी उरली, मग तीही गेली. आमच्यापैकी एकालाही पोहता येत नव्हतं. शिकणार कुठे? सगळे हसत होते, पण ते हसणं जरा जास्तच मोठ्यानं होतं. पाणी खाली हलत होतं आणि त्याचा रंग फलकावरच्यासारखा निळा नव्हता. काळपट होता, कोऱ्या चहासारखा.

नांगर टाकल्यावर बोटीवरच्या माणसानं पुठ्ठ्याला अडकवलेला कागद काढला. वर बारीक अक्षरात इंग्रजी मजकूर. खाली रकाने: नाव, वय, पोहता येतं का, दमा, हृदयविकार, कानाचा आजार, होय, नाही, सही.

"एकानंच भरा पटकन," तो म्हणाला. "वारा सुटायच्या आत परत जायचंय."

मागून कोणीतरी ओरडलं, "द्या आमच्या बाईकडं. वही तिचीच असती."

सगळे हसले. मीही. मी चौदा नावं लिहिली. पोहता येत नाही, दमा नाही, हृदयविकार नाही, कान ठीक. प्रत्येक रकान्यात चौदा फुल्या मारत कोण बसणार? मी 'नाही'च्या रकान्यांतून वरपासून खालपर्यंत एकेक उभी रेघ ओढली. पेन उचललं नाही. मग सह्या. काकांची शेपटी मी बोटीच्या हेलकाव्यातही बरोबर मागे आणली.

त्या वेळी काका माझ्या समोरच्या फळीवर बसले होते. त्यांनी खिशातून पंप काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि काकूंना विचारलं, "हे खाली नेता येतं का गं?"

"द्या हिकडं, भिजंल," काकू म्हणाल्या आणि तो त्यांच्या पर्समध्ये गेला.

मी हे बघितलं. कागद अजून माझ्या मांडीवर होता. मी तो परत दिला.

काका चौथे उतरले. पाठीवर नळकांडं, तोंडात नळी. सोबत एक वाटाड्या, त्याच्या हातात काठीला लावलेला कॅमेरा. आम्हाला सांगितलं होतं, बुडबुडे वर येताहेत तोवर सगळं ठीक आहे. म्हणून आम्ही बुडबुडे बघत बसलो. दोन जागी ते येत होते, एकमेकांपासून हातभर अंतरावर. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग दोन जागांमधलं अंतर वाढलं. मग एका जागी बुडबुडे फार दाट झाले, पातेल्यात आधण येतं तसे. आम्ही तेव्हाही टाळ्या वाजवल्या.

त्यांना वर काढलं तेव्हा ओठ जांभळे होते. बोटीवरच्या माणसानं लाल फुली काढलेली पेटी उघडली. त्या पेटीत प्राणवायू असायला हवा होता. तिच्यात पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, आमच्यासाठीच गार करत ठेवलेल्या. काकूंनी पंप काकांच्या तोंडाला लावला आणि दाबत राहिल्या. "ओढा. ओढा ना. ओ, ऐकू येतंय का, ओढा." किनारा दिसायला लागेपर्यंत त्या दाबत होत्या.

आकस्मिक मृत्यू अशी नोंद झाली.

चौथ्या दिवशी टँकर आला. जग थांबत नाही वगैरे मी म्हणणार नाही. पाणी आलं, पिंपं लावली. टँकरवाल्यानं वही पुढे केली. मी सह्या करत गेले, नऊ, दहा, अकरा, आणि काकांच्या घराशी माझा हात थांबला नाही. तीन अक्षरं, शेपटी, टोक वर. केल्यानंतर माझ्या लक्षात आलं. मी भोवती बघितलं. रांग पुढे सरकली. त्या घराला पाणी हवंच होतं. पुढचे तीन आठवडे त्या वहीत काका पाणी घेत राहिले.

तेराव्यानंतर कुरिअरनं एक पाकीट आलं. आत पेन ड्राइव्ह. सहलीच्या पैशांत चित्रफीत धरलेली होती आणि कंपनीतल्या कोणीतरी, यादी न बघता, ती सगळ्यांना पाठवून दिली होती. काकूंनी टीव्हीला लावायला सांगितली. मीच लावली.

पडदा निळा झाला आणि ती सगळी खोली निळी झाली. भिंती, रिकामी पिंपं, काकूंचा चेहरा. चित्रफितीवर सिनेमातलं एक आनंदी गाणं चढवलेलं होतं. त्या गाण्यात काका तरंगत होते, मुखवट्याआड डोळे मोठे, दोन्ही हात पुढे केलेले. शेवटी पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली, पुन्हा भेटू अशा अर्थाची.

"परत लाव," काकू म्हणाल्या.

त्यानंतर रोज दुपारी. टँकरच्या रांगेत बायका उभ्या असायच्या आणि त्या घरातून ते गाणं यायचं. रांगेतलं बोलणं बंद व्हायचं. गाणं संपेपर्यंत कोणी कळशी खाली ठेवायचं नाही. उघड्या खिडकीतून निळा उजेड समोरच्या घराच्या भिंतीवर हलायचा, आणि पावसाचा थेंब न बघितलेल्या त्या भिंतीला ओल आल्यासारखं वाटायचं. एकदा माझ्या आईनं तिथे हात लावून बघितला. कोरडी होती.

माझ्या वडिलांनी काकूंसाठी वकील शोधली. वकीलबाई जिल्हा कोर्टात काम करणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. नोटीस गेली. उत्तर आलं, सोबत त्या कागदाची झेरॉक्स. मयतानं आपल्याला दमा नसल्याचं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं, धोका पत्करला, सबब कंपनी जबाबदार नाही.

वकीलबाईंनी काकूंना समजावलं. "सही घेतली म्हणून कोणाला निष्काळजीपणाची मोकळीक मिळत नाही. ते आपण बघून घेऊ. अडचण ही आहे, की ते म्हणताहेत यांनी आजार लपवला. ही सही यांचीच ना?"

काकूंनी कागद जवळ घेतला. "व्हय. त्यांचीच."

मी दारात उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर काकांच्या फोटोखाली ती झेरॉक्स लावलेली. सहीच्या बाजूला कुंकवाचं बोट. समोर उदबत्ती. "शेवटचं अक्षर हाय त्यांचं," काकू म्हणाल्या. "एवढ्या हलत्या बोटीत बी शेपटी बघ कशी आलीय."

महिना गेला, तेव्हा कुठे मी वडिलांना सांगितलं. माझे वडील छापखान्यात काम करायचे आणि पाण्यासाठी, रेशनसाठी, सफाई कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. मी बाराखडी त्या पत्रकांवर शिकले; माझा गृहपाठ उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूला असायचा. पत्रकाखाली नाव नसेल तर ते पत्रक नाही, अफवा आहे, असं ते मला लहानपणापासून सांगत आले. मला वाटलं, ते आत्ता उठतील, चप्पल घालतील आणि म्हणतील, चल.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दुसऱ्याची सही करणं हा गुन्हा आहे, तू शिकतेयस ते. तुला सनद मिळायची आहे अजून."

"म्हणजे गप्प बसू?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंत?"

त्यांनी चष्मा परत पुसायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मजकूर सुचत नाही असं बघितलं. मला त्यांचा राग आला. मग समजलं की हा राग सोयीचा आहे. तो करत बसले तर मला भिंतीपलीकडे जावं लागणार नाही.

दुपारी गेले. गाणं चालू होतं. मी ते बंद केलं.

"काकू, त्या कागदावरची सही काकांची नाही."

"मग कोणाची?"

"माझी."

त्या हसल्या. "येडी झालीस का? लग्नाच्या आधीपास्नं बघतेय मी ती शेपटी."

"टँकरच्या वहीत करायचे ना मी. तशीच केली. सगळ्यांच्याच केल्या."

त्यांनी टीव्हीवरचं पेन घेतलं, वर्तमानपत्र पुढे सरकवलं. "कर."

मी समासात केली. एका दमात आली, नेहमीपेक्षा चांगली. काकूंनी कागद उचलला आणि फोटोखालच्या झेरॉक्सशेजारी धरला. उदबत्तीची राख पडली. बाहेर बोअरचं यंत्र थांबलं होतं, आणि इतक्या शांततेत मला वाटलं की भिंतीच्या आतून कोणीतरी श्वास धरून ऐकतंय.

"महिनाभर," काकू म्हणाल्या, "तुझ्या अक्षराला उदबत्ती लावली मी."

मी मान खाली घातली.

"पंप मी पर्समधी ठिवला तवा तू बघत व्हतीस?"

"हो."

"मग?"

"रेघ मारून झाली होती."

"खोडता येत नव्हती?"

काकूंनी झेरॉक्स फोटोखालून काढली. फाडली नाही. घडी करून माझ्या हातात दिली.

"मी बी बोलले नाय," त्या म्हणाल्या. "वकीलबाईच्या कागदात हे बी लिही. बायको शेजारी बसली व्हती, तिला बी कोणी इचारलं नाय. इचारलं असतं तर मी सांगितलं असतं का नाय? जा आता. उद्या वकीलबाईकडं ये."

मी प्रतिज्ञापत्र केलं, खाली माझी खरी सही. कंपनीचं म्हणणं आलं की शेजारीण आहे, खोटं बोलते. तेव्हा वकीलबाईंनी टँकरची वही मागवली. पुरावा तिच्यातच होता: मेलेल्या माणसाच्या सह्या, मृत्यूनंतरच्या तीन आठवड्यांच्या, बोटीवरच्या सहीशी शेपटीच्या टोकापर्यंत जुळणाऱ्या. माझं पुढे काय होईल हे मला माहीत नाही. सनदेच्या अर्जात मी हे सगळं लिहिलं आहे.

पण केस तिथे संपत नाही. वकीलबाईंनी मूळ चित्रफीतही मागितली, गाणं चढवण्याआधीची. ती बऱ्याच तारखांनंतर मिळाली.

गाण्याशिवाय ती वेगळीच आहे. आधी नुसता घुर्रर्र आवाज, पाण्याचा. मग श्वास. नळीतून येणारा, जाडसर. आणि त्याच्याआड, नीट कान दिला की, ती शिट्टी. आत जाताना आखूड, बाहेर येताना लांब. मग दोन्ही आखूड. काका दोन्ही हात पुढे करताहेत. आम्हाला वाटलं होतं ते मासे धरताहेत. ते वाटाड्याला धरायला बघताहेत. वाटाड्याचा एक हात चौकटीत येतो, काकांचा खांदा कॅमेऱ्याकडे वळवतो, आणि परत जातो. चित्र हलत नाही. चेहरा मधोमध राहतो. शिट्टी थांबल्यावरही ते चित्र काही वेळ हलत नाही.

काकू हल्ली हीच लावतात. मी पुस्तक उघडून बसलेली असते आणि भिंतीपलीकडून श्वास ऐकू येऊ लागतो, पूर्वीसारखाच.

ग्राहक मंचात कंपनी आता म्हणते, आमचा माणूस पाहुण्याचा हात कधीच सोडत नाही. त्या दिवशी पाहुण्यानंच झटकला. हे खोटं आहे हे एका चित्रफितीनं सिद्ध होत नाही. वकीलबाई म्हणतात, नेहमीची रीतच अशी होती हे दाखवावं लागेल. कॅमेरा धरायचा आणि माणूस सोडायचा, अशी रीत. कागद कोणाकडूनही भरून घ्यायचा, अशी रीत. लाल फुलीच्या पेटीत पाणी गार करायचं, अशी रीत.

म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. कोकणात किंवा आणखी कुठे तुम्ही असे समुद्रात उतरला असाल, तर तुमच्या फोनमध्ये ती चित्रफीत अजून असेल. आज काढा. आवाज बंद करा आणि फक्त हात बघा. तुमचे हात कोणी धरले आहेत का? नसतील, तर ती पुसू नका. कोणता किनारा, कोणता महिना, बोटीवर किती जण, तुम्हाला काय विचारलं आणि काय विचारलं नाही, हे एका कागदावर लिहा, आणि त्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत लेखी द्या, म्हणजे वकीलबाईंना ते तिथून मागवता येईल. पोच घ्या.